बंद पट्टीवरची फुली

पिंपळदऱ्याच्या माळावर डांबराची एक लांब, रुंद पट्टी आहे. ती कुठल्या गावाहून येत नाही आणि कुठल्या गावाला जात नाही. दुसरं महायुद्ध चालू असताना इंग्रजांनी ती विमानं उतरवायला बांधली. ज्या जमिनीवर बांधली ती महारवतनाची, गावकामाच्या मोबदल्यात मिळालेली हाडोळ्याची जमीन होती. लढाई संपली, इंग्रज गेले, पुढं काही वर्षं सरकारी विमानं अधूनमधून उतरली, मग तीही यायची थांबली. जमीन मात्र परत मिळाली नाही. पट्टीच्या कडेला बौद्ध वस्ती तेवढी राहिली. ज्यांची जमीन डांबराखाली गेली त्यांची नातवंडं त्याच डांबरावर बाजरी मळायला लागली, कारण गावातल्या बड्या शेतकऱ्यांची खळी त्यांच्यासाठी कधी मोकळी होत नसत.

कडूबाई भालेराव या वस्तीत सून म्हणून आली. तिचं माहेर राहात्याकडं, उसाच्या मुलखात. तिच्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. ही तरी वाचावी म्हणून आईनं नाव कडू ठेवलं. कडू घास मरण तोंडात घेत नाही, असा समज. हिरव्या मुलखातली पोर पारनेरच्या उघड्या माळावर आली तेव्हा पहिलं वर्षभर रडली, असं तिची सासू भिमाबाई सांगायची. नंतर रडायची थांबली, कारण बहात्तरचा दुष्काळ आला आणि खडी फोडायला जावं लागलं.

नवरा कारभारी उंच, अंगानं रोड आणि बोलायला कमी. डोंगराच्या पायथ्याला त्याचा एक कोरडवाहू तुकडा होता आणि एक बैलजोडी. बैलांवर त्याचा फार जीव. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना दीपा झाली. एकच मुलगी. कारभारी तिला बैलाच्या पाठीवर बसवून पट्टीवरनं फिरवायचा आणि म्हणायचा, "हे आपलं इमान, उडतंय बघ."

त्र्याण्णव सालच्या कार्तिकात बाजरीची मळणी चालली होती. कारभारीची जोडी आणि शेजारच्या साळूबाईची जोडी, असे चार बैल सावडीनं, आज तुझं उद्या माझं या बोलीवर, एका पातीला शेजारीशेजारी जुंपले होते. डांबर फुटून पडलेल्या एका खड्ड्यात खांब रोवला होता आणि बैल त्याच्याभोवती कणसं तुडवत फिरत होते. वस्तीतली सगळी बायामाणसं पट्टीवर होती. कुणी कणसं पसरत होतं, कुणी भुसा गोळा करत होतं. कडूबाई उपणायच्या उंच तिपाईवर उभी राहून टोपल्यातलं धान्य वाऱ्यावर सोडत होती. दिवस कलला होता आणि सूर्य पट्टीच्या मावळतीच्या टोकाला टेकत आला होता.

उगवतीकडून विमानाचा आवाज आला. आवाजाचं कुणाला नवल नव्हतं, वरनं विमानं जायचीच. पण हे खाली आलं. पोरं ओरडून नाचायला लागली. उंचावर उभी असल्यामुळं कडूबाईला ते सगळ्यांच्या आधी नीट दिसलं. ते वळत नव्हतं. पट्टीच्या रेषेत, सरळ, तिच्याकडं तोंड करून येत होतं.

"पळा! अवो, पळा! हिकडंच येतंय!"

माणसं दोन्ही बाजूंना पळाली. साळूबाईनं दोन पोरं काखेत मारली आणि बांधापलीकडं झेप घेतली. कडूबाई तिपाईवरून पडली ती तशीच रांगत कडेला गेली. कारभारीही कडेला पोचला होता. पण त्यानं मागं वळून बघितलं. बैल तिथंच होते. खांबाला बांधलेले, एकमेकांच्या मानेला बांधलेले, आवाजानं बुजून गोल फिरत होते.

"जाऊ नका!" कडूबाई ओरडली.

"दावं सोडतो," असं काहीतरी तो म्हणाला आणि माघारी धावला.

दोन बैल त्यानं सोडले. तेवढ्यात विमानाची चाकं डांबराला लागली होती. पहिला खड्डा चुकला, दुसऱ्यात चाक मोडलं आणि विमान एका अंगावर कलंडून घासत आलं. त्याचा पंख बाजरीच्या ढिगातून गेला, मग कारभारीवरून आणि उरलेल्या दोन बैलांवरून.

धुरळा बसला तेव्हा विमान तिरकं उभं होतं. त्यातून तीन माणसं उतरली. दोघं पांढऱ्या कपड्यांतले पाहुणे. पलीकडच्या तालुक्यात एका साखर कारखान्यानं नवी धावपट्टी बांधली होती आणि हे पाहुणे गळीत हंगामाच्या कार्यक्रमाला निघाले होते. त्यातला एक इकडंतिकडं बघत विचारत होता, "हे कारखान्याचं मैदान नाही का?"  थोड्या वेळानं कुठूनशी जीप आली आणि पाहुणे तिच्यात बसून गेले.

तिसरा माणूस पायलट होता. त्याचं नाव निसळ. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी तो कारभारीजवळ बसून राहिला. वस्तीतल्या दोघातिघांनी त्याला धरून मारलं. त्यानं हात वर केला नाही. पोलिस आले तेव्हाही तो तिथंच बसला होता. कारभारी केव्हाच गेला होता.

चौकशीला मुंबईहून साहेब आले. त्यांनी टेप लावून पट्टी मोजली, खड्डे मोजले, चाकांच्या खुणांचे फोटो काढले. शाळेच्या खोलीत एकेकाला बोलावून विचारलं. कडूबाईला विचारणारा साहेब तरुण होता आणि घाईत होता.

"धावपट्टीवर तुम्ही लोक काय करत होता?"

"बाजरी मळीत हुतो."

"ती सरकारी जागा आहे, माहीत होतं का?"

"आमची जागा सरकारनं घेतली, येवढं म्हाईत हुतं."

साहेबानं शेजारच्या कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं पेन टेकवलं आणि परत उचललं.

त्यांच्याबरोबर एक पिकल्या केसांचे अधिकारी होते. बाकीचे जेवायला गेले तेव्हा ते व्हरांड्यात कडूबाईजवळ येऊन बसले. पायलटची चूक आहे, असं त्यांनी तिला साध्या शब्दांत सांगितलं. ही पट्टी आणि कारखान्याची पट्टी, दोन्ही एकाच दिशेच्या, लांबीलाही जवळजवळ सारख्या. समोर सूर्य. पण कारखान्याच्या पट्टीजवळ डोंगर नाही; पायलटनं डाव्या हाताचा हा डोंगर जरी बघितला असता तरी त्याला कळलं असतं.

"पण चूक त्याची एकट्याची नाही," ते म्हणाले. "धावपट्टी बंद केली की तिच्या दोन्ही टोकांना मोठी पांढरी फुली मारतात. वरून फुली दिसली की पायलट समजतो, इथं उतरायचं नाही. इथं ती नव्हती."

"फुली म्हंजी? गनित चुकल्यावर मास्तर मारतो तशी?"

"तशीच."

"मग ती का न्हाई मारली?"

"मारायला हवी होती."

"कोनी?"

अधिकाऱ्यांनी एका खात्याचं नाव सांगितलं. मग स्वतःच म्हणाले, "तसं पाहिलं तर दुसऱ्या खात्याचंही काम आहे." ते उठून आत गेले.

अहवालात काय लिहिलं ते वस्तीला कधी कुणी वाचून दाखवलं नाही. पण उन्हाळ्याच्या आधी तलाठी आला आणि त्यानं तोंडी सांगितलं, की पट्टीवर अतिक्रमण केल्याबद्दल वस्तीवर केस होणार होती, सरपंचांनी रदबदली करून थांबवली. म्हणजे उपकार झाले. भिमाबाई तेव्हा दारात बसली होती. ती म्हणाली, "लेक माझा मेला आन् केस बी माझ्यावरच व्हय?" तलाठ्यानं टोपी सारखी केली आणि निघून गेला.

कडूबाई नगरला गेली. एका कचेरीत सांगितलं, ही पट्टी आमच्याकडं नाही. ज्यांच्याकडं असेल म्हणून सांगितलं तिथं गेली, त्यांनी परत पहिल्या कचेरीचं नाव घेतलं. तिला तक्रार करायची नव्हती. फुली कधी मारणार, एवढंच विचारायचं होतं. तिसऱ्या खेपेला एक शिपाई हळूच म्हणाला, "मावशे, चुना काय सरकारच्याच घरी मिळतो का?"

त्यानं ते चेष्टेनं म्हटलं की मनापासून, हे तिला कळलं नाही. पण पुढच्या बाजाराला तिनं चुन्याची पोती आणली. साळूबाई आणि ती, दोघींनी मिळून पट्टीच्या उगवतीच्या टोकाला एक फुली काढली. अंगणाएवढी झाली. वस्तीला ती बरीच मोठी वाटली.

वैशाखात एक दिवस दुपारी निसळ आला. एस्टीनं आला, फाट्यापासून चालत आला. त्याचं लायसन गेलं होतं. कपाळावर खूण राहिली होती. तो दारात उभा राहिला. कडूबाईनं त्याला ओळखलं. आत गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. दारी आलेल्याला पाणी द्यावं लागतं, म्हणून दिलं.

पाणी पिऊन तो म्हणाला, "मला वरून फक्त काळी पट्टी दिसली. शपथेवर सांगतो, माणसं दिसली नाहीत. बाजरीचा रंग अन् मातीचा रंग एकच झाला होता. बैल दिसले तेव्हा चाकं टेकली होती."

"मानसं दिसली असती तर?"

"वर गेलो असतो."

तिनं रिकामा तांब्या उचलला. मग तो म्हणाला, "तुम्ही फुली काढलीत, ती येताना बघितली. पण ती लहान आहे. वरून ठिपक्यासारखी दिसेल. पट्टीच्या रुंदीएवढी हवी. आणि दोन्ही टोकांना. विमान वाऱ्याप्रमाणं कुठल्याही बाजूनं येतं."

"मग काढा की," कडूबाई म्हणाली.

त्यानं खरंच काढली. घरातलाच चुना, घरातलीच बादली. दोरी धरून त्यानं रेघा आखल्या आणि भर उन्हात एकट्यानं दोन्ही टोकांच्या फुल्या भरल्या. वस्तीतलं कुणी मदतीला गेलं नाही, कुणी अडवलंही नाही. भिमाबाई काठी टेकत पट्टीपर्यंत गेली आणि लांबूनच ओरडली, "माझ्या लेकाला मारून आता रांगोळी काढतोस व्हय रं?" त्यानं खाली घातलेली मान वर केली नाही. कडूबाई बांधावर बसून त्याचा हात कसा चालतो ते बघत होती. कारण पुढच्या वेळी ते तिलाच करायचं होतं.

सांजच्या गाडीनं तो गेला आणि पुन्हा पिंपळदऱ्यात आला नाही.

त्यानंतर दरवर्षी पावसानं चुना धुऊन गेला की दसऱ्याच्या सुमाराला कडूबाई फुल्या भरायची. आधी साळूबाई बरोबर असायची, नंतर इतर बायकाही यायला लागल्या. दोन उघडीपीच्या दिवसांचं काम. तिची बोटं चुन्यानं फाटायची, महिनाभर भाकरी थापताना आग व्हायची. सरपंच एकदा म्हणाले, "कडूबाई, सरकारी जागेवर असं रंगवू नये." ती म्हणाली, "मग तुमी पुसा." कुणी पुसलं नाही.

फुल्यांनी एक गोष्ट मात्र झाली. लोक निर्धास्त झाले. अपघातानंतर पहिलं वर्ष सगळे पट्टीच्या कडेकडेनं मळत होते, सारखं आभाळाकडं बघत. आता पुन्हा मधोमध बाजरी पडायला लागली, ज्वारी पडायला लागली. बाया पट्टीवर पटकूर टाकून लेकरं झोपवायच्या. "फुली हाय की," म्हणायच्या. कडूबाईलाही तसंच वाटायचं. कारभारी गेला तो गेला, पण आता इथं कुणी मरणार नाही, हे तिनं स्वतःच्या हातांनी केलं होतं. चार वर्षांत तिला समाधानाची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट मिळाली होती.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत ज्वारीची मळणी चालू होती. दीपा तेव्हा नगरला नर्सिंग शिकत होती आणि रविवार म्हणून घरी आली होती. हवा धुरकट होती, डोंगर नीट दिसत नव्हते. दुपारी एक लहान विमान आलं. आवाज ऐकल्याबरोबर कडूबाई उठली.

विमान पट्टीवरून गेलं, लांब जाऊन वळलं आणि परत आलं. दुसऱ्या खेपेला ते इतकं खाली होतं की आतला माणूस दिसला. एकटाच होता. काचेतून मान वाकवून खाली बघत होता.

पट्टीवर सगळी वस्ती होती. लेकरं होती. कडूबाई धावत मधोमध गेली, पदर सोडून दोन्ही हातांनी हवेत फटकारायला लागली, शेतातली पाखरं हाकलतात तशी. "जा! जा! हितं न्हाई! जा!" तिचं बघून बाकीच्या बायकाही हात हलवायला लागल्या. जागेवरूनच. कडेला कुणी गेलं नाही.

विमानाचं नाक वर झालं. थोडं डळमळलं आणि ते उत्तरेला, राहुरीच्या बाजूला गेलं. धुरकटात दिसेनासं झालं.

कडूबाई अजून पदर हातात घेऊन उभी होती. साळूबाईनं तिला धरून खाली बसवलं आणि हसून म्हणाली, "बघ, तुझ्या फुलीनं काम केलं." सगळ्यांना हायसं वाटलं. कुणीतरी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपा नगरला जायला फाट्यावर गेली आणि एस्टी न धरता वर्तमानपत्र घेऊन माघारी आली. आई चुलीपुढं होती.

"आई, कालचं विमान पडलं."

"कुठं?"

"राहुरीकडं. उसात. चालवणारा पोरगा गेला. एकोणीस वर्षांचा होता, विमान शिकत होता. वाट चुकला आणि तेल संपलं, असं लिहिलंय." दीपानं पुढची ओळ वाचली. "पारनेर तालुक्यातल्या जुन्या बंद धावपट्टीवर त्यानं दोन चकरा मारल्या, असं लोकांनी पाहिलं, असंही लिहिलंय."

कडूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळली. धूर झाला तेव्हा दीपानं तवा उतरवला.

त्याच दिवशी कडूबाई राहुरीला गेली. दीपा बरोबर होती. मुळा धरणाच्या कालव्याखालचा उसाचा पट्टा तिला माहेरासारखा, ओळखीचा वाटला असता एरवी. रस्त्याकडेला गाड्या उभ्या होत्या, पोलिस होते. उसात एक लांब चर पडला होता आणि त्याच्या टोकाला वाकलेलं पत्र्याचं काहीतरी होतं. शेताचा मालक बघ्यांना बांधावरून हटवत होता. कडूबाईनं त्याला विचारलं, "पोरगं लगीच गेलं का?"

"न्हाई," तो म्हणाला. "पानी मागत हुतं. मी आनूस्तोवर गेलं." मग त्यानं विचारलं, "तुमच्यातलं कोनी हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत ती दीपाला म्हणाली, "दोन चकरा मारल्या त्यानं. बाया लेकरं उचलून कडंला गेल्या असत्या. ज्वारी पडली असती तर पडली असती. तेवढा येळ हुता."

"तुला काय माहीत त्याचं तेल संपलंय ते? आणि आई, पट्टीवर खड्डे आहेत. उतरला असता तरी उलटला असता."

"तुझ्या बाबाच्या येळचं इमान बी खड्ड्यात मोडलं. आतली तिनी मानसं जगली."



याही वेळी चौकशी झाली. अधिकारी दुसरे होते. कडूबाईनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिनं हात हलवले, जा म्हणाली, तो गेला. अधिकारी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही बाई. बंद पट्टीवर फुली असायलाच हवी. उलट तुम्ही मोठं काम केलंत." त्यांनी ते मनापासून म्हटलं असावं. कडूबाई उठली आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाहेर आली.

वस्तीत लोक तिला समजावायचे. साळूबाई एकदा म्हणाली, "एवढं लागतंय तर औंदा फुली काढू नगं." कडूबाई म्हणाली, "आन् मंग उतरलं एखादं लेकरांवर? मग?" असं दोन्हीकडून बोलणं व्हायचं आणि तिथंच थांबायचं.

चैत्रात त्या मुलाची आई आली. पुण्याहून भाड्याच्या गाडीनं आली होती. ती शाळेत शिकवायची. मुलाचं नाव अमृत होतं, हे कडूबाईला तिच्याकडून कळलं. तिला पट्टी बघायची होती. दोघी चालत गेल्या. मळणी संपली होती, पट्टी रिकामी होती, डांबरातून ऊन वर मारत होतं. फुली अजून ठळक होती. बाई तिच्या कडेला उभी राहिली, वर पाय ठेवला नाही.

"हे तुम्ही काढलं?"

"व्हय."

"तो आला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

कडूबाईनं मधोमधची जागा दाखवली. "थितं. हात हलवून जा म्हनाले मी त्याला. तुमाला दुसऱ्या कुनाकडनं कळायच्या आदी मीच सांगते."

बाईनं त्या जागेकडं बघितलं. मग तिनं विचारलं, "इथं माणसं होती तेव्हा?"

"लई हुती. लेकरं बी हुती."

"त्यानं पाहिली?"

"पाहिली. मान वाकवून बघत हुता. मला त्वांड दिसलं त्याचं."

"नक्की पाहिली?"

"दुसऱ्या चकरंला पाहिलीच. मग वर घेतलं त्यानं."

बाईनं डोळे मिटले. कडूबाईला वाटलं ती पडेल, म्हणून तिनं हात पुढं केला, पण बाई पडली नाही. "म्हणजे फुली बघून नाही गेला," ती पुटपुटली. "माणसं बघून गेला." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही हात केलात, तेव्हा त्यानं हात हलवला का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. विचारणारीला तेच ऐकायचं होतं.

"न्हाई बाई," कडूबाई म्हणाली. "दोनी हात गुतलेले असत्याल त्याचे."

बाईनं मान हलवली. मग कडूबाईनं जे कुणालाही सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं. "आमी बाजूला झालो असतो तर तो उतरला असता. तेवढा येळ हुता. मला फकस्त जा म्हनायचं सुचलं. माझा मानूस हितंच गेलेला, दुसरं काय डोक्यात आलंच न्हाई."

बाईनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता की नव्हता, हे कडूबाई पुढं कितीतरी दिवस आठवून पाहत राहिली. बाई वळली. गाडीकडं चालत गेली. घरी दीपानं चहा करून ठेवला होता, तो तसाच राहिला.

त्या वर्षी दसऱ्याला कडूबाईनं फुल्या भरल्या. चुकवल्या नाहीत. पण मळणी सुरू व्हायच्या आधी ती घरोघर गेली आणि बायकांना म्हणाली, "इमान घिरट्या घालाया लागलं, तर त्याला जा म्हनायचं न्हाई. आदी लेकरं उचलायची, बैलं सोडायची आन् पट्टी मोकळी करायची. धान्य ऱ्हाऊ द्यायचं. मग त्याला उतरायचं तर उतरंल, जायाचं तर जाईल." बायकांनी ऐकून घेतलं. एकदोनदा तिनं मळणी ऐन रंगात असताना घमेलं वाजवून सगळ्यांना कडेला पळायला लावलं, नुसतं सवय व्हावी म्हणून. तिसऱ्यांदा पुरुष चिडले. "म्हातारीला याड लागलं," म्हणाले. तरी ती घमेलं जवळ घेऊन बसायची. विमान काही आलं नाही.

दोन हंगाम असे गेले. भिमाबाई वारली. दीपाला श्रीगोंद्याकडं एका दवाखान्यात नोकरी लागली. नव्व्याण्णवच्या शेवटी माळावर ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी पट्टीभोवती काटेरी तार ओढली. दोन्ही टोकांना त्यांनी ऑइलपेंटनं फुल्या रंगवल्या आणि प्रवेश बंद असल्याची पाटी लावली. इतक्या वर्षांनी ते कुठल्या खात्याला आठवलं, हे कुणी सांगू शकलं नाही. पेंट चांगला होता, दोन पावसाळे तरी जाणार नव्हता.

तारेमुळं मळणीला जागा उरली नाही. लोक कणसं घेऊन नगरच्या डांबरी रस्त्यावर गेले. तिथं काम सोपं होतं. कणसं पसरून ठेवली की येणारेजाणारे ट्रक आणि टेम्पोच ती मळून द्यायचे. बायका मधूनच धावत जाऊन कणसं उलटून यायच्या. साळूबाई बोलवायला आली, "चल की, तुझी बी टाकू तिकडंच."

कडूबाई अंगणात बसली होती. तिनं आपली कणसं समोर ओढून घेतली होती आणि बडवायला लाकडाचं दांडकं शोधून ठेवलं होतं.

"मी न्हाई यायची," ती म्हणाली. "आन् तू बी रस्त्याकडं पाठ करून वाकू नगंस, साळू."

साळूबाई गेली. कडूबाई संध्याकाळपर्यंत एकटीच बडवत होती.